शरणपूर, सातबारा आणि ‘स्वतःला देवाला अर्पण करणं’

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. गावोगावचे लोक येतात आणि त्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी माझ्याबरोबर येतात. त्यांचं माहेर पंचवटीतलं, चैत्रात कामदा एकादशीचा रामरथ त्या कधी चुकवत नाहीत, आणि बाळ येशूची मेणबत्तीही नाही. या वेळी परत येताना रिक्षात त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “अगं, मेणबत्ती वाहिली ते कळलं. नवस फेडला तेही कळलं. पण प्रवचनात सांगत होते, नुसती मेणबत्ती नको, स्वतःला अर्पण करा. म्हणजे करायचं काय? तू सकाळी डबा घेऊन कामाला जातेस, पगार घेतेस, फ्लॅटचा हप्ता भरतेस. मग तू दिलंस काय?”

आणि पुढे म्हणाल्या, “आता सिंहस्थाला साधू येतील बघ. त्यांनी घर सोडलं, ते डोळ्यांना दिसतं. तुमचं दिसत नाही.”

मी बारा वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवते. ‘समर्पण’ हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेल, त्याचा हिशेब नाही. पण द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या त्या रिक्षात मला सरळ उत्तर देता आलं नाही. ते उत्तर जुळवण्याचा हा प्रयत्न. तो काकूंसाठी आहेच, पण आमच्या मंडळीतल्या लोकांसाठीही आहे, कारण आमच्यातल्याही बऱ्याच जणांना या शब्दाचा धाक वाटतो आणि अर्थ मात्र निसटलेला असतो.

आधी जुनी अर्पणं काय होती ते पाहू

येशूच्या आधी कित्येक शतकं यहुदी लोक देवापुढे अर्पणं आणत. बायबलच्या लेवीय नावाच्या पुस्तकात त्यांची तपशीलवार यादी आहे. होमार्पणात जनावर वेदीवर पूर्ण जाळायचं, देणाऱ्याच्या हाती काही उरायचं नाही. अन्नार्पणात सपीठ, तेल आणि धूप. शांत्यर्पणात काही भाग वेदीवर, काही याजकाला, आणि उरलेलं मांस अर्पण आणणाऱ्या घरानं मिळून खायचं. नैवेद्याचं ताट देवापुढे ठेवून मग पंगतीत फिरवणाऱ्या घराला हे शांत्यर्पण चटकन समजेल.

दोन गोष्टी यात मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे ऐपतीप्रमाणे दर ठरलेला होता. कोकरू परवडत नसेल त्यानं दोन पारवे आणावेत, तेही जमत नसेल तर पापार्पणासाठी थोडंसं पीठ चालेल, असं नियमातच लिहिलं होतं. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरिया आणि योसेफ यांनी गरिबाचं अर्पण केलं, पाखरांची जोडी. यात्रेत हजारो मेणबत्त्या पाहताना मला ती दोन पाखरं नेहमी आठवतात.

दुसरी गोष्ट शब्दाची. अर्पणाला हिब्रू भाषेत ‘कोर्बान’ म्हणतात, आणि ‘जवळ येणं’ हा त्याच्या धातूचा अर्थ आहे. आपल्याकडे फारसी-उर्दूतून आलेला ‘कुर्बान’ त्याच कुळातला. म्हणजे अर्पणाच्या मुळाशी काही गमावणं नव्हतं. देवाच्या जवळ जायचं, आणि जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच होतं. आपण मात्र ‘अर्पण’ म्हटलं की पहिला हात खिशावर ठेवतो.

‘जिवंत यज्ञ’ ही भानगड काय आहे?

साधारण इसवी सन ५७ च्या सुमारास पौल नावाच्या प्रेषितानं रोममधल्या ख्रिस्ती लोकांना एक लांबलचक पत्र लिहिलं. प्रेषित म्हणजे येशूचा संदेश घेऊन पाठवलेला माणूस. त्या पत्राच्या १२ व्या अध्यायाच्या सुरुवातीला तो विनवतो की तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या. स्वतःला अर्पण करण्याची ख्रिस्ती कल्पना मुख्यतः या एका ओळीवर उभी आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबावं लागेल.

त्या काळच्या वाचकाला ही ओळ विचित्र वाटली असणार. यज्ञ म्हटला की बळी, आणि बळी म्हटला की मरण. जेरुसलेमचं मंदिर तेव्हा उभं होतं (ते इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्यानं पाडलं), रोमच्या देवळांतही जनावरं कापली जात होती. अशा लोकांना पौल सांगतो की यज्ञ व्हा, पण जिवंत राहून. वेदीवर ठेवलेलं कोकरू पुन्हा उठत नाही. जिवंत माणूस उठतो, चालतो, दुकानात जातो, भांडतो, झोपतो. त्याला रोज पुन्हा यावं लागतं.

मग तो ‘आत्मा द्या’ असं म्हणत नाही, ‘शरीरं द्या’ म्हणतो. मन देवाकडे आणि शरीर संसाराकडे अशी वाटणी त्याला मान्य नाही. हात काय करतात, पाय कुठे जातात, जीभ काय बोलते, डोळे मोबाइलवर काय पाहतात, हे सगळं त्या ‘शरीर’ शब्दात येतं. आणि मूळ ग्रीक वाक्यात ‘शरीरं’ अनेकवचनी आहे, ‘यज्ञ’ मात्र एकवचनी. अनेकांची शरीरं मिळून एक यज्ञ. एकट्यानं कोपऱ्यात बसून पूर्ण करायची ही गोष्ट नाही.

पण त्या ओळीतला सगळ्यात मोठा शब्द मला वाटतो तो ‘म्हणून’. वाक्याची सुरुवातच त्यानं होते. त्याआधीचे ११ अध्याय पौल देवाच्या दयेबद्दल बोलतोय. माणसानं काही मिळवायच्या आधीच देवानं त्याला कसं आपलं म्हटलं, ते सांगतोय. ते सगळं झाल्यावर ‘म्हणून’. माहेरी आल्यावर लेक न सांगता ओट्यापाशी उभी राहते, भाकऱ्या थापायला घेते. तिला जेवण मिळावं म्हणून ती राबत नसते. घर तिचं आहे, म्हणून तिचे हात आपोआप कामाला लागतात. अर्पणाची जागा ही आहे. दया आधी, हात मागून.

‘म्हणजे करायचं काय?’ या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्याच अध्यायात पुढे आहे, पण आम्ही पहिली ओळ पाठ करतो आणि बाकीच्या वाचत नाही. स्वतःला आहात त्यापेक्षा मोठे समजू नका. शिकवता येत असेल तर शिकवा. द्यायचं तर मोकळ्या हातानं द्या. पाहुणचार करा. आनंदात असलेल्याबरोबर आनंद करा, रडणाऱ्याबरोबर रडा. वाइटाची फेड वाइटानं करू नका. शत्रू भुकेला असेल तर त्याला जेवू घाला. या यादीत घर सोडणं कुठेच नाही. उलट पाहुणचार करायचा तर घर असावंच लागतं.

सातबाऱ्यावरून समजून घेऊ

नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला सातबारा समजावावा लागत नाही. तरी शहरातल्या नव्या पिढीसाठी सांगते. हा एक कागद म्हणजे खरं तर दोन नमुने. गाव नमुना सात मालकी सांगतो, गाव नमुना बारा त्या जमिनीत कोणतं पीक आहे ते सांगतो. मालक बदलला की फेरफार होतो आणि सातवर नवं नाव चढतं. ते रोज होत नाही. पण बारावरची पिकाची नोंद हंगामागून हंगाम करावी लागते. पूर्वी तलाठी करायचे. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानं स्वतः आपल्या वावरात उभं राहून मोबाइलवर फोटो काढून नोंद करायची.

ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात बाप्तिस्मा किंवा विश्वासानं ‘मी तुझा’ म्हणण्याचा क्षण हा नमुना सातवरच्या फेरफारासारखा आहे. तो एकदा होतो. खोलात गेलं तर देवालाही नवा मालक म्हणता येणार नाही. पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचंच आहे असं स्तोत्रसंहिता सांगते, म्हणजे अतिक्रमण आपलं होतं, ते उठलं. पण जमीन कसायला आपल्याच हातात राहते. नांगर आपला, घाम आपला, पीक कोणतं घ्यायचं हा निर्णयही रोज आपल्याला घ्यावा लागतो. आणि बाराची नोंद, म्हणजे ‘आजचा दिवस तुझा, आज या वावरात हे पेरतोय’ असं सांगणं, पुन्हा पुन्हा करावं लागतं, तेही वावरात उभं राहून. रविवारी चर्चच्या बाकावर बसून सोमवारच्या ऑफिसची नोंद होत नाही.

आमच्या मंडळ्यांत यावरून गोंधळ होतो. संमेलनात कुणी पुढे जाऊन रडून आयुष्य अर्पण करतो, आणि महिन्याभरात घरात तोच संताप, तीच खोटी बिलं. मग त्याला वाटतं की आपलं समर्पण खोटं होतं, आणि पुढच्या संमेलनात तो पुन्हा पुढे जातो. बाबा रे, सात झालेला आहे. तुझा बारा कोरा आहे.

ही उपमा एका ठिकाणी तुटते, ते सांगायला हवं. मालक म्हटलं की मराठी माणसाला खंड, सावकार, कूळकायदा आठवतो, आणि ते बरोबरच आहे. देवाला तसा मालक समजलं तर अर्पण म्हणजे खंड भरणं होईल. ख्रिस्ती श्रद्धा ज्या देवाबद्दल बोलते त्यानं आधी स्वतःचा पुत्र दिला. मालकी आहे, पण ती बापाची.

मग हे नवसापेक्षा वेगळं कसं?

नवस करणाऱ्या माणसाला मी हसणार नाही. लेकराच्या तापात देवाशी बोलणी करणारी आई मी पाहिली आहे, त्या बोलण्यात श्रद्धाही असते. पण नवसात एक करार असतो, तू हे कर, मी ते देईन. देणं-घेणं झालं की खातं बंद.

मीखा नावाच्या संदेष्ट्यानं या कराराची बोली चढत जाताना दाखवली आहे. देवापुढे काय घेऊन येऊ? वासरं? हजारो एडके? तेलाच्या दहा हजार नद्या? माझा पहिला मुलगा देऊ? बोली मुलापर्यंत जाते आणि तिथे ती तोडली जाते. देव मागतो ते एवढंच: न्यायानं वाग, दयेची आवड धर, देवाबरोबर नम्रपणे चाल. वस्तूची किंमत वाढवत नेलं की देव खूश होतो, हा समजच तो मोडतो. अर्पणात खातं बंद होत नाही, कारण ते खातंच नाही, नातं आहे.

नोकरी-संसार सोडावा लागतो का?

काहींना लागतो. कॅथलिक पंथात धर्मगुरू आणि सिस्टर्स अविवाहित राहून पूर्णवेळ त्या कामात जातात, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळा-दवाखाने त्यांच्या आयुष्यांवर उभे आहेत. पण तो अर्पणाचा एक प्रकार आहे, वरचा वर्ग नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६४ मध्ये स्पष्टच म्हटलं की साध्या विश्वासू माणसांचं काम, प्रार्थना, संसार, विश्रांती, संयमानं सोसलेल्या अडचणीसुद्धा देवाला आवडणारं आत्मिक अर्पण होतात, आणि मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी भाकरी-द्राक्षारसाबरोबर ते देवापुढे ठेवलं जातं.

याची एक गोष्ट मला आवडते. फ्रान्समध्ये व्हाल्स गावात येशूसंघाचे (जेझुइट या कॅथलिक संघाचे) तरुण विद्यार्थी अभ्यासाला कंटाळले होते. त्यांना दूरच्या मिशनवर जाण्याची घाई झाली होती, आणि इथे पुस्तकं, परीक्षा. ३ डिसेंबर १८४४ ला, संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, त्यांचे गुरू फादर गोत्रले यांनी त्यांना सांगितलं की तुम्ही आत्ताच प्रेषित आहात, आजचा अभ्यास, आजचा कंटाळा, आजची प्रार्थना सकाळीच देवाला देऊन टाका. त्यातून ‘सकाळचं अर्पण’ म्हणून ओळखली जाणारी छोटी प्रार्थना जगभर पसरली. उठल्या उठल्या अर्धा मिनिट. आजचा दिवस, जसा असेल तसा, तुझा.

माझी आई कॅथलिक नाही आणि तिला व्हाल्सची गोष्ट माहीत नव्हती. ती चौतीस वर्षं नर्स होती. ड्यूटीवर गेली की आधी बेसिनपाशी हात धुवायची, कोपरापर्यंत, आणि हात धुताना पुटपुटायची, “प्रभू, हे हात आज तुझे.” लहानपणी मला वाटायचं की साबणाचा मंत्र आहे. पुढे कळलं की त्या एका वाक्यामुळे तिला बेडपॅन उचलताना आणि डॉक्टरांच्या राउंडला उभं राहताना फरक वाटत नसे. रात्री तीन वाजता बेल वाजवणाऱ्या पेशंटकडे ती नळाशी दिलेल्या शब्दाखातर जायची. पगारही घ्यायची आणि ओव्हरटाइम मागायचीही. अर्पण म्हणजे फुकट राबणं नव्हे, कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे हे बायबलही म्हणतं.

सातपूरला लेथवर उभा राहणारा, निफाडच्या बागेत डिपिंग करणारी, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवणारी बाई, ऑफिसात फाइल पुढे सरकवणारा कारकून, यांच्या अर्पणाची कसोटी त्यांच्या कामातच आहे. माप बरोबर आहे का? फाइल पैशासाठी अडली आहे का? खाली काम करणाऱ्याशी बोलताना आवाज कसा असतो?

येशूनं एकदा बलिदान दिलं, ते पुरेसं नाही का?

हा आक्षेप आमच्याच लोकांचा, आणि रास्त. पापाच्या क्षमेसाठी येशूचं बलिदान एकदाच आणि कायमचं झालं, असं बायबलमधलं इब्री लोकांस पत्र ठासून सांगतं. आपल्या अर्पणानं त्यात भर पडत नाही. आपलं अर्पण क्षमेसाठी नसून आभाराचं असतं.

ते उपासनेत नेमकं कुठे ठेवायचं यावर मात्र जुना वाद आहे. इंग्लंडच्या चर्चचं प्रार्थनापुस्तक १५४९ मध्ये आलं, तेव्हा ‘आम्ही आमचे आत्मे आणि शरीरं अर्पण करतो’ हे शब्द प्रभुभोजनाच्या (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीच्या) मुख्य प्रार्थनेत होते. १५५२ च्या आवृत्तीत ते उचलून प्रभुभोजन घेतल्यानंतरच्या प्रार्थनेत नेले. हेतू असा की आधी मिळालं, मग दिलं. कॅथलिक मिस्सामध्ये माणूस आपला दिवस भाकरीबरोबर वेदीवर ठेवून ख्रिस्ताच्या अर्पणात मिसळतो. मला दोन्हींत सत्य दिसतं, आणि दोन्हीकडची माणसं सोमवारी त्याच बसने कामाला जातात.

“म्हणजे मुकाट्यानं सोसत राहायचं?”

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ‘अर्पण’ शब्दाचा सगळ्यात वाईट वापर इथे होतो.

काही वर्षांपूर्वी एका मंडळीतली बाई नवऱ्याच्या माराला कंटाळून वडीलजनांकडे (मंडळीच्या पुढाऱ्यांकडे) गेली होती. तिला उत्तर मिळालं, “सहन कर. हेच तुझं अर्पण समज.” मी तिथे होते आणि मी काही बोलले नाही. त्याची लाज मला आजही वाटते, म्हणून आता लिहिते: ते उत्तर चूक होतं. शास्त्राच्या हिशेबानंही चूक होतं.

एक तर दुसऱ्याला अर्पण करण्याचा हक्क कुणालाच नाही. पौल म्हणतो ‘तुम्ही आपली शरीरं द्या’. बायकोचं, सुनेचं, कामवालीचं शरीर दुसऱ्यानं परस्पर द्यावं असं तो कुठेच म्हणत नाही. तिला मारणारा हात देवाला दिलेला नाही, आणि प्रश्न त्या हाताला विचारायला हवा होता.

आणि अर्पणाच्या नावाखाली जबाबदारी टाळणाऱ्यांवर येशू स्वतः चिडला होता. मार्कच्या शुभवर्तमानात ७ व्या अध्यायात तो प्रसंग आहे. काही लोक म्हाताऱ्या आईबापांना सांगत, ‘तुम्हाला जे द्यायचं होतं ते कुर्बान आहे, देवाला वाहिलंय.’ म्हणजे देवाचं नाव पुढे करून आईबापांचं ताट काढून घ्यायचं. येशू म्हणतो, तुम्ही परंपरेनं देवाचं वचन मोडलंत. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर तो आणखी पुढे जातो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. अर्पण थांबलं तरी चालेल, भाऊ थांबता कामा नये.

द्राक्षाचं उदाहरण घेऊ, ते आपल्या घरचं आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची छाटणी. बाग वर्षातून दोनदा उघडीबोडकी होते, तेव्हा कुठे घड लागतात. येशूनंही हेच रूपक वापरलं: मी वेल, तुम्ही फाटे, आणि माझा पिता माळी, तो फळ देणाऱ्या फाट्याचीही छाटणी करतो. आयुष्यात काही गोष्टी छाटल्या जातात आणि ते दुखतं, हे खरं. पण कात्री घेऊन जो कुणी बागेत शिरेल त्याला माळी म्हणायचं नसतं. माळी काडीवरचे डोळे मोजून कापतो, वेल जगावा म्हणून कापतो. जो वेल मोडायलाच आला आहे त्याला बागेबाहेर काढायचं असतं, आणि त्यासाठी पोलिसांत जावं लागलं तर जायचं. त्यानं कुणाचं समर्पण कमी होत नाही.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. नावाकडे क्वचितच कुणाचं लक्ष जातं. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वसाहत उभी केली, शरण म्हणजे आसरा, आसऱ्याचं गाव. ब्रिटिश आरमारानं समुद्रात अडवलेल्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलंही इथे आणली गेली. गुलाम म्हणून विकली जाणारी मुलं नाशिकला लिहायला-वाचायला, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाच्या तुकडीत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा सोबतच्या आफ्रिकन माणसांनी त्यांचा देह दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाहून किनाऱ्यापर्यंत आणला. हुकूम करणारा साहेब तर मेलेला होता. १८ एप्रिल १८७४ ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीशी चालणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब होता.

मला ही गोष्ट अर्पणाच्या मुळाशी नेते. गुलामाकडून घेता येतं, गुलाम देऊ शकत नाही. आधी तो मोकळा व्हावा लागतो. ‘शरण’ या मराठी शब्दात दोन्ही अर्थ आहेत. शरण देणं म्हणजे आसरा देणं, शरण जाणं म्हणजे स्वतःला सोपवणं. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आसरा मिळतो, मग माणूस शरण जातो. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांतून गायली, म्हणून आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना शरण-समर्पण हे शब्द मायबोलीतच मिळाले. जिला घरात आसराच नाही, तिला ‘समर्पण कर’ म्हणणं म्हणजे शब्दाचा अर्धा भाग कापून टाकणं. त्या बाईला आधी शरणपूर हवं होतं.

ज्याच्या हातून काहीच होत नाही, त्यानं काय द्यायचं?

इथपर्यंत मी हातांबद्दलच बोलत आले. पण हात थकतात.

मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७५५ मध्ये आपल्या लोकांसाठी कराराची उपासना सुरू केली. अजूनही पुष्कळ ठिकाणी नव्या वर्षाच्या सुमारास ती होते. तिच्या प्रार्थनेतला एक भाव फार धीट आहे: तुझ्यासाठी मला कामाला लाव, किंवा तुझ्यासाठी मला बाजूला ठेव. कामाला लाव हे कुणीही म्हणेल. बाजूला ठेव असं म्हणायला फार बळ लागतं.

आईच्या बोटांना आता संधिवात आहे. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. पहिली दोन वर्षं ती चिडचिडी झाली होती, “माझा काही उपयोग नाही” हे दिवसातून दहादा. मग केव्हातरी ते बंद झालं. संध्याकाळी बाल्कनीत बसून ती बिल्डिंगमधल्या एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करते. तेवढंच तिच्याच्यानं होतं. हात धुतानाचं वाक्य मात्र अजून आहे, फक्त आता नळ मी सोडते.

मागच्या आठवड्यात काकू मेतकूट घेऊन आल्या होत्या. आईची प्रार्थना चालली होती, म्हणून त्या शेजारी बसून राहिल्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, “ताई, माझं नाव घेता का हो?”

आई म्हणाली, “घेते की. पण तुमचं दुसरं. पहिलं खालच्या वॉचमनचं. त्याची रात्रपाळी असते.”